गल्ली, घर, घराणं : आपल्या गावात पहिल्यांदा येऊन वसलेल्या कुटुंबांचा माग कसा काढावा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या जुन्या गावांचा इतिहास शोधणाऱ्याला निदान एक आधार असतो. पाटील, कुलकर्णी, देसाई अशा वतनदारांचे तंटे झाले, निवाडे झाले आणि त्यात चार-पाच पिढ्यांची नावं आपोआप लिहिली गेली. वसवलेल्या गावांत हा आधार नाही. जयसिंगपूर घ्या. राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने १९१७ साली ही पेठ उभी केली. कोल्हापूर–मिरज रेल्वे १८९१ पासून धावत होती, स्टेशन होतं, मोकळी जमीन होती. आखीव रस्ते पडले, नंबरांच्या गल्ल्या झाल्या आणि माणसं आली. जैन, लिंगायत, मराठा, मुस्लिम, मारवाडी, गुजराती आले. त्यांच्याबरोबर सुतार, शिंपी, हमाल, गाडीवान, नोकरदार आले. इथे मूळचं असं कुणी नाही, प्रत्येक घर कुठून तरी आलेलं आहे. कोल्हापुरातली शाहूपुरी किंवा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावची स्टेशनाजवळची पेठ, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच.

पहिल्या पिढीतलं आता कुणी उरलेलं नाही. त्यांच्या सुना आणि नातवंडं ऐंशीच्या पुढे आहेत. आलेल्या माणसाच्या तोंडून आलेली गोष्ट ऐकलेले हेच शेवटचे लोक. म्हणून हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नये असं मला मनापासून वाटतं.

या लेखात मी जयसिंगपूर नजरेसमोर ठेवलं आहे, पण पद्धत कुठल्याही छोट्या गावाला चालेल. तिचं सूत्र एवढंच, की आडनावाने सुरुवात करू नका, जागेने करा.

आडनाव का नको, ते सांगतो. आपल्याकडे एकाच घराण्याची एक शाखा पाटील लावते, दुसरी मगदूम. शाळेत मास्तरांनी लिहिलं ते एक, सातबाऱ्यावर चढलं ते दुसरं, बाजारात दुकानावरून पडलं ते तिसरं. ‘अथणीकर’, ‘निपाणीकर’ अशी आडनावं दिसली की मूळ गाव सापडल्यासारखं वाटतं. पण बऱ्याचदा ते मूळ गाव नसतं, येण्याआधीचा शेवटचा मुक्काम असतो. नव्या गावाने ‘तो निपाणीहून आलेला’ म्हणून हाक मारली आणि तेच चिकटलं. जागेचं तसं होत नाही. पाचव्या गल्लीतला कोपऱ्यावरचा प्लॉट शंभर वर्षांपूर्वी जिथे होता तिथेच आहे. मालक बदलले, घर पाडून बंगला झाला, तरी तो तिथेच आहे. त्यावर कोण कोण राहून गेलं याची साखळी लावता येते, आणि त्या साखळीत एरवी विसरली गेलेली भाडेकरू, कारागीर, गाव सोडून गेलेली कुटुंबंही येतात. आडनावाने शोधणाऱ्याला फक्त टिकलेली आणि मोठी झालेली घराणी सापडतात.

एक गल्ली, एक मुदत

‘पहिले रहिवासी’ म्हणजे कुठवरचे, हे आधी ठरवून टाका. मी गाव वसल्यापासून संस्थान विलीन होईपर्यंतची मुदत धरतो. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं. त्यानंतर कचेऱ्या बदलल्या, नमुने बदलले, येणाऱ्यांची कारणंही बदलली. म्हणजे जयसिंगपूरसाठी १९१७ ते १९४९.

सगळं गाव एकदम घेऊ नका. एक गल्ली घ्या, शक्यतो बाजारपेठेजवळची आणि तुमची ओळख असलेली. मोठ्या चौकटीच्या कागदावर दोन्ही बाजूंची घरं आखा. प्रत्येक घरावर आजचा नगर भूमापन क्रमांक, म्हणजे सिटी सर्व्हे नंबर लिहा. घरपट्टीच्या पावतीवर नगरपालिकेचा घर क्रमांक असतो, तो वेगळा. दोन्ही लिहा, कारण पुढे एका कचेरीत एक चालतो आणि दुसऱ्या कचेरीत दुसरा. विहीर, पिंपळ, देऊळ, बस्ती (जैन मंदिर), मशीद, गोठा, पिठाची गिरणी, जुना हौद हेही दाखवा. म्हातारी माणसं नंबर सांगत नाहीत. ‘हौदाच्या अल्याडचं घर’ असं सांगतात.

मग भूमि अभिलेखच्या कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. सगळे तिला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात, आजची उताऱ्याची प्रत महाभूमीच्या संकेतस्थळावरूनही मिळते. त्यात ‘हक्काचा मूळ धारक’ असा रकाना असतो, आणि इथेच नवखा माणूस फसतो. हा मूळ धारक म्हणजे गाव वसताना प्लॉट घेतलेला माणूस नव्हे. शहराची मोजणी झाली त्या वेळी ज्याच्या नावावर जागा लागली तो. छोट्या गावांत मोजणी बऱ्याच वर्षांनी झालेली असते, तोवर एक-दोन खरेद्या होऊन गेलेल्या असतात. मागे जायचं तर मोजणीच्या वेळची चौकशी नोंदवही मागा. जागा कुणाकडून आली, वारसाने की खरेदीने, कागद कुठला दाखवला, हे त्यात थोडक्यात लिहिलेलं असतं. तिथे खरेदीखताचा उल्लेख मिळाला, तर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात त्या वर्षाची सूची पाहायची. सूची क्रमांक १ नावांप्रमाणे असते, क्रमांक २ मिळकतीप्रमाणे. जुन्या खरेदीखतात चतुःसीमा दिलेल्या असतात : पूर्वेस अमक्याचं घर, दक्षिणेस रस्ता, पश्चिमेस तमक्याची मोकळी जागा. एका खतातून चार घरांची त्या वर्षीची नावं मिळतात. चतुःसीमा जोडत गेलात तर अर्धी गल्ली कागदावर उभी राहते.

नगरपालिकेतलं जुनं आकारणी रजिस्टर मिळालं तर फार मोठं काम होतं, कारण त्यात मालकाशेजारी भोगवटादार, म्हणजे प्रत्यक्ष राहणारा, वेगळा लिहिलेला असतो. भाड्याने राहून व्यवसाय केलेले शिंपी, सोनार, वैद्य, मास्तर इथेच सापडतील. दुसरीकडे त्यांची नावनिशाणी लागत नाही.

माणसांशी बोलताना

गल्लीचा कच्चा नकाशा हातात घेऊनच बोलायला जा. ‘तुमच्या घराण्याचा इतिहास सांगा’ असं म्हटलं की माणूस भाषणाला बसतो आणि थोर पूर्वजांपासून सुरुवात करतो. त्याऐवजी नकाशा पुढे ठेवा आणि विचारा, ‘तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा शेजारी कोण राहायचं?’ मग बोलणं आपोआप सुरू होतं.

आधी घरातल्या वयस्कर बायकांना भेटा. हे सौजन्य म्हणून सांगत नाही, कामाची गोष्ट म्हणून सांगतो. पुरुष दुकानाचं आणि जमिनीचं सांगतात. सासूचं माहेर, नणंद कुठे दिली, कुठल्या बाळंतपणात कोण गेलं, कुठली जाऊ दुसरेपणाची, हे बायकांना पाठ असतं, आणि दोन घराणी एकमेकांशी कशी जोडलेली आहेत ते त्यातूनच कळतं. छोट्या पेठेत पहिली माणसं एकमेकांच्या मागून आलेली असतात. एक भाऊ आला, दुकान चाललं, मग मेव्हणा आला, मग मेव्हण्याचा चुलत भाऊ. ही साखळी फक्त सोयरिकीत दिसते.

विचारण्यासारखे प्रश्न साधे असतात. आज्जी, तुमचं माहेर कुठलं? तुमच्या सासूबाईंचं कुठलं? मामंजी आधी एकटे आले की बिऱ्हाड घेऊन? पहिल्यांदा कुणाच्या घरी उतरले? भाड्याने राहिलात तर मालक कोण? बोडण, जावळ, कुळधर्म कुठे करता? पाव्हणे कुठल्या गावचे जास्त येतात? देवाला कुठे जाता? ‘मामंजी आधी एकटंच आलं, धर्मशाळंत राहिलं, शेंगांचा धंदा बसल्यावर मग माणसं आणली,’ असं उत्तर आलं की ते जसंच्या तसं लिहून घ्या. त्याची शुद्ध मराठी करू नका. पुढे कुणाला तरी त्या बोलीवरूनही मूळ गावाचा अंदाज येईल. काही घरांत म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून कानडी नाती येतात, हेही टिपून ठेवा.

साल विचारू नका, प्रसंग विचारा. ‘प्लेगात गाव सोडलं’, ‘मानमोडीत आजोबा गेले’, ‘गांधीवधाच्या आधी’, ‘कोयनेच्या भूकंपात ही भिंत पडली’ असं लोक सांगतात. प्लेग १८९६ मध्ये मुंबईत आला आणि पुढची बरीच वर्षं आपल्या भागात पुनःपुन्हा येत राहिला, त्यामुळे नुसत्या ‘प्लेगात’ वर समाधान मानू नका. कितवी साथ, मोठा मुलगा जन्मला होता का, असं खोदून विचारा. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा, हे मात्र पक्कं. गांधीवध १९४८ चा जानेवारी, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, मोठा दुष्काळ १९७२. अशा खुणांच्या मध्ये घटना बसवत गेलं की पाच-सात वर्षांच्या आतलं साल मिळतं. कागद मिळाला की ते आणखी नेमकं होतं.

फोनवर आवाज रेकॉर्ड करताना विचारून करा, आणि सुरुवातीला तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव स्वतःच्या आवाजात सांगा. नाहीतर वर्षभराने कुठली फाईल कुणाची ते कळत नाही.

घरातली भांडी आणि वह्या

बोलणं झाल्यावर ‘जुने कागद आहेत का?’ असं विचारलं की हमखास ‘काही नाही’ असं उत्तर मिळतं. ‘माळ्यावरची जुनी भांडी बघू का?’ असं विचारा.

आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नावं घालायची पद्धत होती. घागर, हंडा, पितळी डबा, परात, समई उजेडात तिरपी धरा आणि काठाखाली, बुडावर, कडीजवळ बघा. टिकल्या-टिकल्यांनी कोरलेली अक्षरं असतात, घासून घासून झिजलेली. चिंच-मीठ लावून जोरात घासू नका, अक्षरं आणखी जातील. ओल्या कापडाने पुसा आणि बाजूने टॉर्च मारून फोटो घ्या. समोरून फ्लॅश मारला तर चमक येते आणि काहीच वाचता येत नाही. बहुतेक मजकूर असा असतो : देणाऱ्याचं नाव, त्याचं गाव, घेणारीचं नाव आणि कधी शके किंवा तारीख. ‘मु. अंकली, आत्याकडून, शके १८४५’ एवढं जरी मिळालं, तरी १९२३-२४ च्या सुमारास या घरात लग्न झालं, आत्या अंकलीला दिलेली होती, म्हणजे वरच्या पिढीची सोयरीक कृष्णेच्या त्या अंगाला होती, हे तीन धागे एका डब्यावरून हाती येतात. शिवाय बाईचं नाव मिळतं. पुरुषांच्या कागदांत ती फक्त ‘कुटुंब’ म्हणून असते.

दुकानदार घरांत रोजमेळ, खतावणी, आहेराची वही, बारशाची वही शोधा. आहेराची वही म्हणजे त्या दिवशीच्या सगळ्या नातेवाइकांची यादीच. मारवाडी-गुजराती घरांच्या चोपड्या महाजनी किंवा गुजराती लिपीत असतात आणि पहिल्या पानावर संवत, गाव आणि पेढीचं नाव असतं. बाकी वाचता आलं नाही तरी ते पान फोटोसाठी उघडून घ्या. जुनी पत्रं, बिल्ट्या, रेल्वेच्या पावत्या पाहताना ध्यानात ठेवा की जयसिंगपूरच्या स्टेशनाचं पूर्वीचं नाव ‘शिरोळ रोड’ होतं. त्या नावाचा कागद शिरोळ गावातला समजून बाजूला टाकू नका.

शिरोळ तालुक्यात २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी घराघरातले कागद भिजवले. चिकटलेले गठ्ठे ओढून सोडवू नका, उन्हात टाकू नका, इस्त्री करू नका. सावलीत पंख्याखाली, पानांमध्ये कोरा टिपकागद घालून वाळवा. जे सुटत नाही ते तसंच ठेवा, वरच्या पानाचा फोटो घ्या आणि जाणकाराला दाखवा.

शाळेचं जनरल रजिस्टर

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पेठ वसली तेच साल. म्हणून त्या काळी आलेल्या कुटुंबांतली बरीच मुलं शाळेच्या रजिस्टरला लागलेली असण्याची शक्यता चांगली आहे. जनरल रजिस्टरमध्ये मुलाचं पूर्ण नाव, जात, जन्मतारीख, जन्मगाव, आधीची शाळा, दाखल दिनांक, शाळा सोडल्याचं कारण असतं. थोरल्याचं जन्मगाव एक आणि धाकट्याचं जयसिंगपूर असेल, तर कुटुंब त्या दोन जन्मांच्या मध्ये आलं. साल ठरवायचा यापेक्षा खात्रीचा मार्ग मला माहीत नाही. मुलींच्या शाळेचं रजिस्टर वेगळं असेल तर तेही आवर्जून मागा.

मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, त्यात नाव आणि अंदाजे वर्षं लिहा. ‘सगळं रजिस्टर बघू द्या’ म्हटलं की नकार येतो, आणि तो रास्त आहे, कारण त्यात इतरांचीही माहिती असते. स्वतःच्या घराण्याचा उतारा मागितला तर बहुधा मिळतो. दुसऱ्यांच्या घराण्यासाठी त्यांच्या वारसाचं पत्र जोडा.

तलाठी, तहसील आणि जुनी अक्षरं

ज्यांची आजूबाजूच्या गावांत शेती होती, त्यांच्यासाठी सातबारा, आठ-अ आणि त्याहून महत्त्वाचे फेरफार काढा. फेरफार म्हणजे गाव नमुना ६. सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेले नंबर असतात ते फेरफाराचे. मागे मागे जात एकेक काढायचा. वारस फेरफारात मयताचं नाव, मृत्यूची तारीख आणि सगळ्या वारसांची यादी मिळते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या नोंदींत मुलींची नावं त्यांच्या सासरच्या गावासह येतात. म्हणून १९२० साली आलेला माणूस १९६० नंतर वारला असेल, तर त्याच्या एका वारस फेरफारातून घराण्याची दोन पिढ्यांची सोयरीक उलगडते. जन्म-मृत्यूसाठी खेड्यात गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते. ही जुनी रजिस्टरं बहुधा तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरं बाहेर काढून तपासली गेली, काही स्कॅन झाली. त्यामुळे पूर्वी ‘सापडत नाही’ म्हणून परत पाठवलेल्यांनी पुन्हा एकदा अर्ज करायला हरकत नाही.

कोल्हापूर संस्थानच्या कागदांत १९१८ ही मोठी सीमारेषा आहे. त्या साली शाहू महाराजांनी कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. त्याआधीचे गावचे कागद कुलकर्ण्याच्या घरचे, मोडीत. त्यानंतरचे तलाठ्याच्या दप्तरातले. वसवलेल्या पेठेचे लोक आजूबाजूच्या जुन्या गावांतून आले असतील, तर त्यांच्या आधीच्या पिढीचा माग त्या त्या गावच्या कुलकर्णी दप्तरातच लागायचा. आणि गांधीवधानंतर १९४८ मध्ये झालेल्या जाळपोळीत आपल्या भागातल्या अनेक वाड्यांबरोबर त्यांतले कागदही गेले, हेही लक्षात घेऊन शोध घ्यावा लागतो.

कागद हातात आला की काही अक्षरं अडवतात. ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ‘सखू कोम बाळा’ मधला बाळा हा नवरा आहे, बाप नव्हे. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता : मूल लहान असताना बाप वारला आणि आई किंवा चुलता पालक झाला. ही तीन अक्षरं दिसली की त्याच्या मागच्या चार-सहा वर्षांत एक मृत्यू शोधायचा. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तिथे एकच नाव असलं तरी मागे सगळे भाऊ आहेत. ते नाव थोरल्याचंच असेल असंही नाही.

सनांचं गणित एकदा वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. शकात ७८ मिळवले की इसवी सन, आणि जानेवारीपासून शक संपेपर्यंतच्या (पाडव्याच्या आधीच्या) दिवसांसाठी ७९. आपल्याकडच्या फसली सनात, म्हणजे महसुली वर्षात, ५९०, पण फसली वर्ष मृगापासून, म्हणजे जूनच्या सुरुवातीपासून मोजतात. फसली १३२७ म्हणजे जून १९१७ ते जून १९१८. विक्रम संवतातून ५७ वजा करा, जानेवारीपासून ते संवत संपेपर्यंतच्या भागासाठी ५६, आणि गुजराती संवत कार्तिकात बदलतो, मारवाडी चैत्रात, हे विसरू नका.

हेळवी, राव आणि तीर्थोपाध्ये

कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात घराण्यांची वंशावळ सांगणारे हेळवी अजून फिरतात. पूर्वी बैलावर बसून यायचे. ठरलेल्या घरी काही वर्षांनी एकदा येतात, सोप्यात बसून वही उघडतात आणि मूळ पुरुषापासून वाचत येतात; घरचे लोक धान्य, कापड, पैसे देतात आणि नव्या जन्मलेल्यांची नावं चढवून घेतात. वह्या बऱ्याचदा कानडीत असतात. पेठेत आलेल्या कुटुंबाचा हेळवी बहुधा मूळ गावीच येत राहिला, इथे आलाच नाही. म्हणून मूळ गावच्या भावकीला विचारा, ‘आपला हेळवी कुठला, शेवटचा कधी आला?’ त्याची येण्याची वेळ कळली तर तिथे जाऊन थांबा. वाचताना मध्ये अडवू नका, सगळं म्हणून होऊ द्या आणि रेकॉर्ड करा. गाव कुठून कुठे हललं, कुलदैवत कोणतं, भावकी कुठे कुठे फुटली, याबाबत हेळव्याचं सांगणं फार मोलाचं असतं. सालांबाबत ते तसं धरता येत नाही, आणि त्यात बायकांची नावं जवळजवळ नसतातच. त्याला पुरेसं मानधन द्या. पिढ्यान् पिढ्या हे ज्ञान त्या लोकांनी सांभाळलं आहे.

मारवाडी घरांचे राव किंवा भाट राजस्थानातून बही घेऊन येतात, गुजराती घरांचे वहीवंचा बारोट. हे काम दुकानातल्या थोरल्या शेठना विचारूनच पुढे जातं.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, हरिद्वार इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या पूर्वजाची नोंद असते, कधी त्याच्या स्वतःच्या अक्षरात. तिथे आडनावापेक्षा मूळ गाव लागतं, म्हणून ते आधी ठरवून जा. तुळजापूरला आणि जोतिबाला आपल्या घराण्याचे ठरलेले पुजारी कोण, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना माहीत असतं. सौंदत्ती, चिंचली, पट्टणकोडोली, जेजुरी, पाली, जिथे कुळाचार असेल तिथे विचारून पाहावं. कुलदैवत हा मूळ प्रदेशाचा चांगला पुरावा आहे. माणसं गाव बदलतात, व्यवसाय बदलतात, पण जावळ काढायला जुन्याच देवाकडे जातात.

जैन घरांनी नांदणीच्या आणि कोल्हापूरच्या मठांत चौकशी करावी. दक्षिण भारत जैन सभा १८९९ पासून आहे आणि ‘प्रगती आणि जिनविजय’ हे तिचं मुखपत्र. त्याचे जुने अंक चाळताना देणग्या आणि निधनवार्ता बघाव्यात. लिंगायत घरांचा ठरलेला मठ आणि जंगम घराणं असतं. मुस्लिम घरांसाठी काझींचं निकाह रजिस्टर. ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चचं बाप्तिस्मा आणि विवाह रजिस्टर. कोल्हापुरात अमेरिकन मिशनचं काम १८५२ पासूनचं आहे, त्यामुळे ही रजिस्टरं काही वेळा सरकारी कागदांहून जुनी असतात. मुलगा कोल्हापूरला शिकायला गेला असेल तर बोर्डिंगाचे जुने अहवाल पाहावेत : मराठा आणि जैन बोर्डिंग १९०१, मुस्लिम बोर्डिंग १९०६, लिंगायत बोर्डिंग १९०७.

पुरालेखागार आणि संस्थानांच्या हद्दी

कोल्हापूरच्या पुरालेखागारात करवीर, म्हणजे कोल्हापूर, संस्थानचे कागद आहेत. तिथे घरचं नाव घेऊन जाणाऱ्याला बहुधा रिकाम्या हाताने परतावं लागतं, कारण दप्तरं खाती, तालुके आणि वर्षांप्रमाणे लावलेली असतात, माणसांप्रमाणे नव्हे. गाव, खातं आणि वर्ष हे तिन्ही ठरवून जा. पेठ वसवण्याचे हुकूम, जागा देण्याचे अर्ज, सवलती हा विषय सांगा. करवीर सरकारचं गॅझेटही चाळण्यासारखं आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं, आणि शिवाजी विद्यापीठाचं बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय, ही दोन्ही ठिकाणं जुनी वर्तमानपत्रं आणि १८८६ च्या कोल्हापूर गॅझेटियरसाठी उपयोगी.

मोडी शिकून घ्या. पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीत नसतो, शब्द तोडलेले नसतात, त्यामुळे सुरुवातीला ओळ भिंतीसारखी दिसते. पण आपल्याला सगळा कागद वाचायचा नसतो. नावं, गावं, ‘बिन’, ‘मौजे’ आणि आकडे एवढं ओळखू आलं तरी हवं ते पान हाती लागतं. पूर्ण वाचन मग जाणकाराकडून करून घेता येतं.

आज शिरोळ, मिरज, सांगली, चिकोडी एका तासाच्या अंतरावर आहेत. १९४८ च्या आधी हे वेगवेगळे कारभार होते. सांगली, मिरज, कुरुंदवाड पटवर्धनांची संस्थानं; इचलकरंजी घोरपड्यांची जहागीर; निपाणी, चिकोडी, अथणी ब्रिटिशांच्या बेळगाव जिल्ह्यात आणि १९५६ पासून आजच्या कर्नाटकात. म्हणून प्रत्येक घराण्याच्या पानावर मूळ गावासमोर ‘त्या वेळी कोणाच्या हद्दीत’ हे लिहा. कुठल्या कचेरीत जायचं ते त्यावरून ठरतं. कृष्णेपलीकडून आलेल्या माणसाचे कागद कोल्हापुरात शोधत बसणाऱ्यांचा फार वेळ वाया जातो.

लिहून ठेवताना

प्रत्येक प्लॉटला एक फाईल. आत प्रत्येक विधानासमोर ते कुठून कळलं हे लिहा : अमक्या आज्जींचं सांगणं, तमका फेरफार, डब्यावरचं नाव. आज्जी म्हणाल्या १९२०, रजिस्टर म्हणतं १९२६, तर दोन्ही राहू द्या आणि तुम्हाला कुठलं पटतं ते कारणासह लिहा. ‘गल्लीत पहिलं घर आमचं’ असं तीन घरं सांगतील. तिघांचंही लिहा. त्यात बहुतेक वेळा एकाने जागा पहिल्यांदा घेतलेली असते, दुसऱ्याने बांधकाम पहिल्यांदा केलेलं असतं आणि तिसरा आधीपासून झोपडी घालून राहत असतो.

दत्तक, दुसरं लग्न, आडनाव किंवा जात बदलल्याच्या नोंदी, सोडून दिलेल्या बायका, असं काही ना काही बहुतेक घराण्यांत निघतं. ते फाईलमध्ये असावं, पण छापायचं की नाही हे त्या घरातल्या आज हयात असलेल्या माणसांना विचारून ठरवा. हयात माणसांच्या जन्मतारखा, पत्ते, जमिनीचे आकडे छापू नका. वाटणीचा दावा चालू असलेल्या घरात गेलात, तर आपण कुठल्याच बाजूने आलेलो नाही हे पहिल्यांदाच स्पष्ट सांगा आणि कुठल्याही कागदाची मूळ प्रत घरी घेऊन जाऊ नका. जागेवर फोटो काढा, कागद त्यांच्यासमोर परत ठेवा.

वंशावळ काढताना मुली, सुना आणि त्यांची माहेरं मुलांच्या ओळीतच लिहा, बाजूला टीप म्हणून नको. नाव कळलं नसेल तर चौकोन रिकामा ठेवा आणि आत माहेरचं गाव लिहा. गावावरून नाव पुढे कधीतरी सापडतं.

एका गल्लीचं काम पुरं झालं की नकाशा आणि घरनिहाय नोंदी यांची छापील प्रत प्रत्येक घरी द्या, आणि दुरुस्त्या लिहायला शेवटी कोरी पानं ठेवा. प्रती हाती पडल्यावरच लोक माळ्यावरून खरी बोचकी काढतात, म्हणून पहिली आवृत्ती कच्ची आहे असं वरच छापा आणि पुढच्या दिवाळीपर्यंत दुरुस्त्या गोळा करा. दुरुस्त प्रत गावच्या वाचनालयात, नगरपालिकेत आणि गल्लीतल्या मुलांच्या शाळेत द्या, आणि मग शेजारची गल्ली घ्या. तिथल्या निम्म्या घरांची नावं तुमच्या चतुःसीमांत आधीच आलेली असतील.